पाव इंचाचा हिवाळा

काशीतल्या हिवाळ्याचं सगळ्यांना कौतुक. नदीवर धुकं उतरतं, कुठून कुठून आलेले पांढरे पक्षी नावांभोवती कालवा करायला लागतात, आणि त्यांना शेव टाकत फोटो काढणाऱ्यांनी शिंदे घाटापासून दशाश्वमेधापर्यंतच्या नावा भरून जातात. गल्लीच्या तोंडाशी मलइयोची, म्हणजे दुधाच्या गोड फेसाची, परात आणि मातीची कुल्हडं मांडली जातात. कॉलेजातल्या मैत्रिणी ठेवणीतल्या शाली काढतात आणि म्हणतात, "अब मज़ा आएगा, मैडम." मला मात्र हल्ली पहिलं धुकं पडलं की चिडचिड व्हायला लागते. मटार सोलताना, पाणी तापवताना, वर्गात फळा पुसताना. मुली एकमेकींना खुणा करतात. त्यांना काय सांगू की मॅडमना एका बंदुकीची आठवण येते आहे?

बंदूक नानाकाकांची. नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रेल्वेत नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर रामघाटाच्या आमच्या घरात वरच्या खोलीत येऊन राहिले. वडील गेले, आई गेली, धाकटा भाऊ प्रमोद बँकेच्या नोकरीत लखनौला गेला. घरात उरलो काका आणि मी. आणि लोखंडी कपाटात ती.

विलायती, दोन नळ्यांची, आजोबांच्या काळातली. आजोबा मिर्झापूरकडच्या एका जमीनदारांचे डॉक्टर होते, त्यांच्याकडून भेट आलेली. मला बंदुकांचं प्रेम कधीच नव्हतं. पण हिवाळा लागला की काका गच्चीवर उन्हात चटई टाकून तिला उघडायचे, तो तास मला आवडायचा. नळ्या एकीकडे, लाकूड एकीकडे. जुन्या धोतराची पट्टी, तेलाची बाटली, तेलाचा तो जरासा गोडसर वास. पोलादावर कोरलेल्या वेलबुट्टीत साचलेली धूळ ते काडीला कापूस गुंडाळून काढायचे. मग मला हाक यायची, "शालू, हे धर जरा." मी धरायची. दर वर्षी मला नवल वाटायचं की ती इतकी हलकी कशी.

"हलकीच पाहिजे," काका म्हणायचे. "दिवसभर खांद्यावर घेऊन चालायचं असायचं. तित्तर मारायला तोफ लागते काय?"

शिकार बंद होण्यापूर्वीच्या त्यांच्या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्या आहेत की त्यातली थंडी मला माझीच वाटते. चंदौलीकडे त्यांचे मित्र होते, ठाकूरसाहेब. पहाटे पूल ओलांडून जायचं, अरहरच्या, म्हणजे तुरीच्या, शेतांच्या कडेकडेने चालायचं. दंवाने पायजमा गुडघ्यापर्यंत भिजायचा. कुठे ससा, कुठे बटेर, पण काकांचा जीव तित्तरांवर. "त्याची बोली ऐकलीस का? मराठीत बोलतो तो. किती रे, किती रे, किती रे." मग अचानक पायाजवळून भर्रकन उडायचा, आणि काका सांगायचे की त्या क्षणी बंदूक आपण उचलत नाही, ती आपोआप वर येते. किती मारले हे ते कधी सांगत नसत. चुकलेले मात्र सगळे आठवत.

कायदा आला आणि काकांनी त्या दिवसापासून पक्ष्यावर बंदूक धरली नाही. ठाकूरसाहेब गेले, त्यांचा मुलगा विजय शेती बघायला लागला, तोसुद्धा हळूच म्हणायचा, "चाचा, एक-दो तीतर गिरा लीजिए, कौन देखता है?" काका म्हणायचे, "मैं देखता हूँ ना." परवाना पिकाच्या राखणीसाठी होता. हिवाळ्यात नीलगाईंचे कळप गहू आणि हरभरा तुडवायला लागले की विजयचा फोन यायचा, काका जायचे, हवेत एक बार काढायचे, नीलगाई पळायच्या. चहा आणि चुडामटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, खाऊन काका परत यायचे, आणि दोन दिवस ताठ चालायचे. एवढंच. एवढ्या एका बारासाठी वर्षभराचं तेल-पाणी.

मग काडतुसं संपली.

इथे मला थोडं शिकवावं लागेल, सवयच आहे. बंदुकीच्या नळीच्या बुडाशी काडतूस बसायची जागा असते, तिला चेंबर म्हणतात. काकांच्या बंदुकीचं चेंबर अडीच इंचांचं. त्या काळी विलायतेत तेवढंच करत. आता बाजारात मिळणारी काडतुसं त्याहून पाव इंच लांब. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की लांब काडतूस त्या आखूड जागेत बसतं! कारण त्याचं तोंड आत दुमडलेलं असतं. आत सरकवा, बंदूक मिटवा, काही अडत नाही. बार झाला की ते तोंड उलगडतं, आणि उलगडायला पुढे जागा नसते. नळी तिथे अरुंद होत गेलेली. मग मागचा सगळा जोर कोंडतो. आमच्या गल्लीत दारं बाहेर उघडतात ना, तसं. मिटलेलं असतं तोवर गल्ली मोकळी. उघडलं की समोरून येणारा माणूस, सायकल, सांड, सगळं जिथल्या तिथे.

हे मी त्या हिवाळ्यात किती जणांना सांगितलं असेल! कागदाच्या सुरळ्या करून दाखवल्या. एकालाही पटलं नाही, कारण प्रत्येकाने एकच केलं: काडतूस घेतलं, आत टाकलं, बंदूक मिटवली आणि माझ्याकडे विजयी चेहऱ्याने बघितलं.

तो हिवाळा काकांच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतरचा. एका डोळ्याचं नीट झालं. दुसऱ्याच्या पडद्याला मागून काहीतरी झालं होतं, तो जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं. काका घरी आले, हिरवी पट्टी लावून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शालू, दिसतंय तोवर एक बार काढून घेतो. मग दे ठाण्यात जमा करून." मागणं असं त्यांनी आयुष्यात माझ्याकडे फारसं केलं नव्हतं. भाजीत मीठ कमी असलं तरी न मागणारा माणूस. मी म्हटलं, "काढू की. त्यात काय."

त्यात काय! शहरातल्या पहिल्या दुकानदाराने खोका पुढे सरकवला. मी म्हटलं, अडीच इंची हवीत. तो म्हणाला, "अब यही आता है, मैडम. लग जाएगा." मी म्हटलं, लागतं ते माहीत आहे, चालत नाही. तो काकांकडे वळला. बाईमाणसाशी बोलून काय उपयोग, असं ते वळणं. "बाबूजी, आप तो जानते हैं. सब यही चला रहे हैं." काका म्हणाले, "सब की बंदूक मेरी वाली नहीं है." दुसऱ्या दुकानात उपाय निघाला: चेंबर आतून कोरून लांब करून देतो. काकांनी बंदूक छातीशी धरली. तिथली नळी आधीच पातळ, ती आणखी कोरायची? तिसऱ्याने तर काडतुसाचं तोंड कापून देतो म्हटलं, भाजीवाला मुळ्याचा पाला कापून देतो तसं. एकाने मात्र, जरा वयस्कर होता, काकांची बंदूक हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि म्हणाला की छोटी काडतुसं मागवून बघतो, पण कधी येतील ते सांगता येणार नाही. नंबर लिहून घेतला.

आम्ही वाट बघितली. फोन करावा तर, "माल रास्ते में है." पुन्हा फोन करावा तर, "बस, अगले हफ्ते." धुकं दाट होत गेलं. रेल्वेगाड्या उशिरा, शाळा बंद, कपडे वाळेनात. काका रोज संध्याकाळी एका डोळ्यावर हात ठेवून समोरच्या गच्चीवरचे पतंग मोजायचे, मग दुसऱ्यावर ठेवून. मला तो हात बघवत नसे.

संक्रांतीला प्रमोद आला. येताना लखनौहून काडतुसांचा खोका घेऊन आला. काकांच्या परवान्यावर त्याचंही नाव चढवलेलं आहे, त्यामुळे अडचण नव्हती. मी खोका बघितला. लांब.

"प्रमोद, ही चालत नाहीत. फोनवर सांगितलं होतं मी तुला."

"अरे ताई, टेन्शन मत ले. बसतं ना?" त्याने एक आत टाकलं, बंदूक मिटवली. "बघ."

मी पुन्हा सुरळी केली. पुन्हा गल्ली, पुन्हा दार, पुन्हा सांड. तो मोबाईल बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तू फिजिक्स शिकवतेस, ठीक आहे. पण लोग चला रहे हैं. कुणाचं काही झालेलं तू पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. हेच तर. जे झालेलं नाही ते दाखवायचं कसं?

काकांनी बंदूक उघडून काडतूस बाहेर काढलं, प्रमोदच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "रविवारी विजयकडे जाऊ. नुसतं फिरून येऊ. ती पण येईल, हवा लागेल तिला." ती म्हणजे बंदूक.

त्या रविवारी उन्ह पडलं होतं. बऱ्याच दिवसांनी. मोहरी फुललेली, अरहर डोक्याच्या वर, बांधावर दंव अजून सुकलेलं नाही. काका पुढे, बंदूक उघडून हातावर टाकलेली, रिकामी. मागे प्रमोद आणि विजय, शेवटी मी. विजय सांगत होता की नीलगाईंनी उत्तरेकडचा सगळा हरभरा खाल्ला. "चाचा, आज एक ठो फायर हो जाए." काका नुसते हसले. तेवढ्यात अरहरमधून आवाज आला, किती रे, किती रे. काका थांबले. मीही थांबले. भर्रकन उडाला, डोळ्यांसमोरून तपकिरी रेघ ओढल्यासारखा, आणि मी पाहिलं, काकांची बंदूक वर आलीच नाही. त्यांची मान मात्र वळली, अगदी त्या रेघेबरोबर, शेताच्या टोकापर्यंत. चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की मला वाटलं, पुरे. एवढ्यासाठी आलो, मिळालं.

विजयच्या आईने जेवायला बोलावलं. काकांनी बंदूक ओसरीवर भिंतीला टेकवली आणि ते आणि मी आत गेलो; प्रमोद आणि विजय मागे रेंगाळले. तव्यावर मटार परतल्याचा वास येत होता. मी ताट हातात घेतलं असेल नसेल, बाहेर धडाका झाला. आणि लगेच दुसरा.

मला आठवतं ते काकांचं उठणं. त्या वयात, गुडघे तसे, आणि ते माझ्या आधी दारात होते.

प्रमोद अंगणाच्या पलीकडे बांधावर उभा होता. बंदूक हातात; ती लांब काडतुसं त्याने खिशातून आणली होती. लांबवर नीलगाई उधळल्या होत्या, विजय टाळ्या वाजवत होता. प्रमोद आमच्याकडे वळून हसला. "बघा! काही झालं? काहीच नाही झालं! ताई, तेरा फिजिक्स फेल."

मी त्या दिवशी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. विजयची आई पदर तोंडाला लावून बघत राहिली. आमच्या घरातलं मराठी भांडण त्या अंगणाने पहिल्यांदाच ऐकलं असेल; शब्द कळले नसतील, सूर कळला असेल. प्रमोदचं एकच, पुन्हा पुन्हा: "पण झालं काय? झालं काय सांग ना." आणि काका? काका त्याच्याजवळ गेले, बंदूक काढून घेतली, माझ्याकडे दिली, आणि म्हणाले, "खांद्याला लागलं का रे?"

"नाही. थोडं."

"शर्ट काढ."

खांदा लाल-जांभळा झाला होता. बोटं लावली तर प्रमोद कळवळला. काकांनी विजयच्या आईकडून मोहरीचं तेल मागितलं, त्यात लसूण घालून गरम करवलं, आणि चाळिशी उलटलेल्या त्या बँक मॅनेजरला बाजेवर बसवून त्याचा खांदा चोळत राहिले. हळूहळू, गोल गोल. मी बंदूक मांडीवर घेऊन बसले होते आणि रागाने मला रडू येत होतं. लाकडाला, मुठीत धरतात तिथे, एक बारीक तडा गेला होता. माझं बोट त्याच्यावरून फिरत होतं. मला वाटत होतं, आता तरी बोला. एकदा तरी त्याला बोला. मी बोलून काही होत नाही, तुम्ही बोला. काका तेल चोळत होते.

घरी आल्यावर त्यांनी बंदूक कानाजवळ नेऊन हलवली. आतून टकटक आली. नळ्या आणि बाकीचा सांगाडा जिथे घट्ट मिटतो तिथे फट पडली होती. कागद सरकेल एवढी.

"ही आधीपासून असेल," प्रमोद म्हणाला. "इतकी जुनी चीज आहे. माझ्यामुळेच कशावरून?"

आणि हे मला आजही सिद्ध करता येत नाही. असेल आधीपासून. दर हिवाळ्यात काका ती हलवून बघत, कधी आवाज आलेला मी ऐकला नव्हता. पण मी नीट ऐकलं होतं का? तो दुसऱ्या दिवशी लखनौला गेला. जाताना काकांच्या पाया पडला, मला म्हणाला, "इतना गुस्सा ठीक नहीं, ताई."

फाल्गुनात, होळीचे रंग चार दिवसांवर आलेले, त्या वयस्कर दुकानदाराचा फोन आला. छोटी काडतुसं आली. मी जाऊन घेऊन आले. काकांनी एक हातात घेतलं, बोटांत फिरवलं, ते खरोखरच किती आखूड आणि गोजिरं दिसत होतं! चेंबरमध्ये सरकलं ते असं की जणू घरी आलं. त्यांनी बंदूक मिटवली. टक. उघडली. मिटवली. टक. मग काडतूस बाहेर काढून माझ्याकडे दिलं. "परत दे नेऊन. कुणाला तरी लागेल."

त्याआधी बंदूक एका कारागिराकडे नेली होती मी. फट भरता येईल, म्हणाला, लाकडाला आतून पट्टी घालता येईल, पण बार काढायची खात्री मी देणार नाही. काका म्हणाले, राहू दे. मी भांडले. म्हटलं, लखनौला नेऊ, कोलकात्याला नेऊ. ते म्हणाले, "अगं, ती आता माझ्याएवढी झाली." आणि हसले. मला हसू आलं नाही. त्या उन्हाळ्यात त्यांचा तो डोळा गेला.

तेव्हापासून दोन हिवाळे गेले. मला राग नेमका कशाचा येतो ते मी स्वतःलाही नीट सांगू शकत नाही. प्रमोदचा म्हणावा तर तो वाईट मुलगा नाही; दर आठवड्याला काकांना फोन करतो. दुकानदारांचा म्हणावा तर ते जे विकलं जातं तेच ठेवणार. राग बहुतेक त्या पाव इंचाचा. इतकी छोटी गोष्ट, इतकी साधी, फळ्यावर एका रेघेत काढून दाखवता येते, आणि आपण ती ओरडून सांगतो तरी कुणाच्या कानाशी पोचत नाही, कारण वरून सगळं बसलेलं दिसतं.

या हिवाळ्यात प्रमोद आला तो नवी बंदूक घेऊन. नवी म्हणजे त्याच्या सासऱ्यांची, वारसाने नावावर झालेली. जाड नळ्यांची, जड. त्याने ती काकांच्या मांडीवर ठेवली. "काका, ह्यात लांब काडतूस चालतं. ताईला विचारून घ्या." आणि माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. मी चष्मा लावून नळीवरचे आकडे वाचले. बरोबर होतं. चालत होतं.

"मग जाऊ," काका म्हणाले.

मी थक्क झाले. मला वाटलं होतं ते नको म्हणतील. मनातल्या मनात मी त्यांच्या वतीने दोन वर्षं नको म्हणत आले होते. म्हटलं, "काका, एका डोळ्याने?"

"नीलगाई केवढी असते, माहीत आहे ना? आणि मारायचंय कुणाला. हवेत तर काढायचाय."

मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. दिवसभर घरात खालीवर करत राहिले. काकांच्या खोलीत गेले, लोखंडी कपाट उघडलं, ती होती तशी होती. तेल लावलेलं. त्यांनी कधी लावलं ते मला कळलंही नव्हतं. मी तिला हलवली. टक. या आवाजाचं दुःख घरात आता फक्त मलाच आहे, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि ते कळल्यावर तर आणखीच संताप आला.

दिवेलागणीला जिन्यात आवाज ऐकू आला. काका एकेक पायरी चढत वर आले, मफलर सुटलेला, पायजम्याला चिखल, गाल लाल. प्रमोद मागे, त्यांची काठी हातात घेऊन.

"काय दणका आहे!" काका दारातूनच ओरडले. "शालू! काय दणका आहे त्याचा! दोन्ही काढले. दोन्ही! सगळा कळप पार कालव्याच्या पलीकडे!"

"हळू बोला काका, शेजारची मंडळी काय म्हणतील."

"हं?"

"म्हटलं, हळू बोला."

"कानात नुसती शिटी वाजतेय," प्रमोद हसत म्हणाला. "परत येताना अख्खा रस्ता ओरडत होते. पुलावर शेजारच्या ऑटोवाल्याने वळून बघितलं."

काका खुर्चीत बसले. खांदा चोळत होते, पण सुखाने. एक डोळा निरभ्र, दुसरा पांढुरका, दोन्ही सारखेच चमकत होते. मला त्यांच्यावरही रागवायचं होतं. जमेना. मी त्यांच्यासमोर वाकून उभी राहिले आणि विचारलं, "मनासारखं झालं ना?"

"हं?"

मी जोरात विचारलं, "म्हटलं, मनासारखं झालं ना?"

त्यांनी कानाला हात लावला, थोडा विचार केला आणि मान हलवली.

"चहा? हो हो, टाक की. आलं घाल."

मी आलं किसायला घेतलं.